मोठ्या डिस्कच्या आधी: बेळगावचे घाट आणि सेडानचे ब्रेक

बेळगावहून कोल्हापूरकडे किंवा धारवाडकडे निघालेल्या माणसाला राष्ट्रीय महामार्ग ४८ चा रुंद पट्टा मिळतो, आणि सावंतवाडीकडे किंवा गोव्याकडे निघालेल्याला आंबोली, चोर्ला, अनमोड यांपैकी एखादा घाट उतरावाच लागतो. आपल्या भागातली एकच गाडी हे दोन्ही रस्ते सतत पाहते, आणि ब्रेकच्या दृष्टीने हे रस्ते एकमेकांपासून फार वेगळे आहेत. महामार्गावर मोठ्या वेगातून क्वचित, पण जोराचा ब्रेक लागतो. घाटात वेग कमी असतो, पण ब्रेकला विसावा मिळत नाही. हल्ली बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली तरुण मंडळी स्कोडाची ऑक्टाव्हिया, फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, ह्युंदाईची व्हर्ना टर्बो आणि ऐपत असल्यास बीएमडब्ल्यूची एम३४०आय या ताकदवान सेडान, म्हणजे मागे डिकी असलेल्या चार दारांच्या गाड्या, हौसेने घेतात, काही जण इंजिनाचे ट्यूनिंगही करून घेतात, आणि मग ब्रेक वाढवण्याचा विचार सुरू होतो. तो विचार बहुधा मोठ्या डिस्कपासून (चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी) आणि लाल कॅलिपरपासून (तिला पॅडने चिमटून धरणारा भाग) सुरू होतो. तो नेमका दुसऱ्या टोकाकडून सुरू व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) ओतीव भागांचे मशिनिंग करणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे ब्रेकच्या डिस्ककडे मी आधी धातू म्हणून पाहतो आणि मग गाडीचा भाग म्हणून. माझ्या भाच्याने नुकतीच व्हर्टस जीटी घेतली. कारखान्यात येऊन त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: “मामा, डिस्क मोठी घातली तर गाडी लवकर थांबतंय की न्हाई?” हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, म्हणून त्याचे उत्तर पूर्ण द्यायला हवे.

मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कोणी नाही याची खात्री करून, ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वेगात ब्रेकचा पेडल पूर्ण ताकदीने दाबून पाहावा. पायाखाली एबीएसची (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) थरथर जाणवली, तर त्या क्षणी चाक अडवण्याची ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त झालेली असते. त्यापुढे डिस्क कितीही मोठी केली तरी गाडी एक हातही आधी थांबणार नाही, कारण रस्त्याला धरून ठेवणारी गोष्ट टायर आहे. ताशी १०० किलोमीटरच्या वेगातून घर्षणगुणांक (टायरच्या पकडीचे माप) ०.९ धरला तर थांबण्याचे अंतर सुमारे ४४ मीटर येते, १.० धरला तर सुमारे ३९ मीटर, आणि ओल्या रस्त्यावर तो ०.६ पर्यंत घसरला तर तेच अंतर ६५ मीटरच्या पुढे जाते. या तिन्ही आकड्यांत डिस्कचा व्यास कोठेही येत नाही. म्हणून एकाच थांब्याचे अंतर कमी करायचे असेल, तर पहिला पैसा चांगल्या टायरवर घालावा, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसाचा विचार करून ओल्या रस्त्यावरची पकड पाहूनच टायर निवडावा. कडक रबराचा, पुष्कळ वर्षे टिकणारा टायर तसाच ठेवून सहा पिस्टनचे कॅलिपर बसवलेली गाडी मला अपुरी वाटते, मग तिच्यावर कितीही खर्च झालेला असो.

मग मोठ्या ब्रेकचा उपयोग काय? तो उष्णतेत आहे. ब्रेक गाडीच्या गतीचे रूपांतर उष्णतेत करतो, आणि ती उष्णता आधी साठवून ठेवतो व मग हवेत सोडतो. दोन माणसांसह १,५०० किलो वजनाची सेडान ताशी १०० किलोमीटर वेगात असताना तिच्यात सुमारे ५.८ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग १४० झाला की ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. चांगल्या टायरवर १०० वरून शून्यावर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणजे त्या तीन सेकंदांत ब्रेक सरासरी १९० किलोवॅट शक्तीने काम करतात. १८० अश्वशक्तीचे ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयचे टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोर लावते तेव्हा १३२ किलोवॅट देते. आपण ज्या इंजिनाचे कौतुक करतो त्याहून अधिक शक्तीचे यंत्र चाकांच्या आत बसलेले असते, आणि त्याच्याकडे आपण सर्व्हिसिंगच्या बिलातल्या एका ओळीपुरतेच पाहतो.

या उष्णतेचा सुमारे ७० टक्के भाग पुढच्या दोन डिस्कवर येतो, कारण ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे झुकते. पुढची एक डिस्क आठ किलोची असेल, तर वरच्या एका थांब्यात तिचे तापमान अंदाजे ५५ अंशांनी वाढते. साडेदहा किलोची असेल तर सुमारे ४२ अंशांनी. पाठोपाठ असे अनेक थांबे घेतले की हाच फरक साठत जातो. मोठ्या डिस्कचा खरा लाभ या साठवणीत आहे. तिचे दुसरे काम म्हणजे पॅडची पकड केंद्रापासून अधिक दूर नेणे. तेवढ्याच दाबात अधिक जोर मिळतो आणि पेडल हलका वाटतो. पेडल हलका झाल्यावर ब्रेक सुधारल्यासारखा भासतो, पण पहिल्याच थांब्यात ती सुधारणा पायाला जाणवण्यापुरती असते, अंतरातली नसते.

डिस्क ब्रेकचा इतिहासही हेच सांगतो. १९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वारची सी-टाइप डिस्क ब्रेक लावून जिंकली, त्याचे कारण ड्रमचा, म्हणजे बंद डब्याला आतून घासणारा जुना ब्रेक एकदा कमी लागतो हे नव्हते. लांब सरळ पट्ट्यानंतर त्याच वळणावर तासन्‌तास तोच ब्रेक तितक्याच विश्वासाने लावता येणे, हे होते. पुढे १९५९ च्या जॅग्वार मार्क २ या सेडानला चारही चाकांना डिस्क मिळाल्या. ताकदवान इंजिनाच्या चार दारांच्या गाडीला तापल्यावरही टिकणारे ब्रेक हवेत, ही जाणीव इतकी जुनी आहे.

आता घाटाचा हिशेब पाहू. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि सावंतवाडी जवळजवळ कोकणपट्टीच्या पातळीवर आहे. उतार ६०० मीटरचाच धरला तरी १,५०० किलोची गाडी खाली येताना सुमारे ८८ लाख ज्यूल ऊर्जा सोडते. ताशी १०० च्या वेगातून पंधरा वेळा थांबण्याइतकी ही ऊर्जा आहे. त्यातला साधारण पाव भाग टायरच्या आणि हवेच्या रोधात जातो. उरलेला भाग इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यायचा असतो, आणि ही वाटणी पूर्णपणे चालकाच्या हातात असते. डीएसजी हा स्वयंचलित गिअरबॉक्स ‘डी’ मध्ये ठेवून उतरणारा माणूस जवळजवळ सगळा भार ब्रेकवर टाकतो, कारण त्या स्थितीत गिअरबॉक्स वरच्या गिअरकडे धावतो आणि इंजिन मोकळे फिरते. मॅन्युअल मोडमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर धरून ठेवला, तर तीच गाडी ब्रेकला मोठा दिलासा देते. ज्या गिअरात घाट चढला त्याच गिअरात तो उतरावा, ही आपल्या ट्रकचालकांची शिकवण टर्बो पेट्रोल सेडानलाही तितकीच लागू आहे.

घाटातली आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही. शर्यतीच्या मार्गावर ब्रेक फार तापतात हे खरे, पण तेथे दोन वळणांच्या मधे गाडी ताशी दीडशेच्या वेगाने धावते आणि डिस्कच्या फटींतून भरपूर हवा वाहते. चोर्ल्याच्या वळणांवर एखाद्या लॉरीच्या मागे ताशी पंचवीस-तीसच्या वेगाने उतरताना हवा फारशी मिळत नाही. उष्णता हळूहळू, पण सतत येत राहते, ती डिस्कवरून पॅडमध्ये, पॅडमधून पिस्टनमध्ये आणि पिस्टनमधून ब्रेक ऑईलमध्ये मुरते. म्हणून परदेशी ट्रॅकवरच्या चाचण्या वाचून केलेली तुलना आपल्या घाटाला जशीच्या तशी लावता येत नाही. तेथे डिस्कचे वजन आणि हवेचा मार्ग आधी पाहावा लागतो. येथे आधी ऑईल पाहावे लागते.

ब्रेक ऑईलकडे आपल्याकडे इतके दुर्लक्ष होते की त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या दर्जाच्या श्रेणींतली ऑईले ग्लायकोल वर्गातली आहेत आणि ती हवेतली आर्द्रता शोषून घेतात. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाण्याचे प्रमाण सुमारे ३.७ टक्के झाले की मानकानुसार तो किमान १५५ पर्यंत आलेला चालतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत, आणि डॉट ३ साठी २०५ आणि १४०. ऑईल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल खाली जातो आणि पॅडवर दाब पोचतच नाही. हा प्रकार बऱ्याचदा घाट संपल्यानंतर घडतो. गाडी चहासाठी थांबवली की वाहती हवा बंद होते, तापलेल्या डिस्कची उष्णता कॅलिपरमध्ये चढते, आणि पुन्हा निघताना पहिलाच ब्रेक मऊ लागतो. म्हणून घाट उतरल्यावर लगेच न थांबता दोन-तीन किलोमीटर सपाट रस्त्यावर सावकाश चालावे, हा माझा आग्रह आहे.

आपला भाग पश्चिम घाटाच्या कडेला असल्याने पावसाळ्यात हवा महिनोन्‌महिने ओलसर राहते. उत्पादक दोन वर्षांनी ऑईल बदला असे सांगतात. वरचेवर आंबोली किंवा चोर्ला करणाऱ्यांनी ते दर वर्षी, पावसाळा संपल्यावर बदलावे. पेनासारखा दिसणारा टेस्टर ऑईलमधल्या पाण्याचा अंदाज देतो, पण तो टाकीतल्या ऑईलची अवस्था सांगतो, कॅलिपरमधल्या नव्हे. चांगल्या दर्जाचे डॉट ४ पुष्कळ पुढे जाते. उदाहरणार्थ, एटीई या कंपनीच्या टाइप २०० चा कोरडा उत्कलनबिंदू २८० अंश आणि ओला १९८ अंश आहे. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळे ऑईल आहे, ते आपल्या एबीएस असलेल्या गाड्यांत घालू नये आणि इतर ऑईलमध्ये कधीही मिसळू नये. मजुरीसह हे सगळे काम दोन-तीन हजार रुपयांत होते, आणि घाटातल्या सुरक्षिततेसाठी याहून स्वस्त सुधारणा मला ठाऊक नाही.

ऑईलनंतर पॅड. तापल्यावर ब्रेक कमी होण्याचा दुसरा प्रकार पॅडचा असतो, आणि तो पायाला ओळखता येतो. ऑईल उकळले तर पेडल खाली जातो. पॅड तापून निसटू लागले तर पेडल कडकच राहतो, पण गाडी ओढल्यासारखी पुढे जात राहते. पॅडला बांधून ठेवणारे रेझिन ठराविक तापमानापलीकडे वायू सोडते आणि घर्षण घसरते. पॅडच्या पाठीवर किंवा कडेवर दोन इंग्रजी अक्षरांचा संकेत छापलेला असतो. पहिले अक्षर सामान्य तापमानातले घर्षण दाखवते, दुसरे तापलेल्या अवस्थेतले. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफ-ई’ लिहिलेला पॅड तापल्यावर सैल पडतो, हे त्या दोन अक्षरांतच कळते. घाटासाठी दोन्ही अक्षरे सारखी असलेला पॅड घ्यावा. त्याच वेळी शर्यतीचा पॅड रस्त्यावरच्या गाडीला लावू नये. तो थंड असताना नीट धरत नाही, आवाज करतो, डिस्क खातो, आणि सकाळी टिळकवाडीच्या चौकात लागणारा पहिला ब्रेक हा नेहमीच थंड ब्रेक असतो. ईबीसीचे यलोस्टफ किंवा फेरोडोचे डीएस२५०० यांसारखे मधल्या प्रतीचे पॅड घेतले, तर धूळ आणि थोडा आवाज सहन करण्याची तयारी ठेवावी. कुटुंबासह फिरणाऱ्या गाडीला मी कंपनीच्या मूळ पॅडच्या फार पुढे जाण्याचा सल्ला देत नाही. मूळ पॅडच्या नावाने विकला जाणारा नकली माल बाजारात आहे, म्हणून खोक्यावरच्या शिक्क्यापेक्षा पॅडवरचा संकेत, छपाईची स्वच्छता आणि पक्की पावती पाहावी.

नवा पॅड बसवून थेट घाटात जाऊ नये. रिकाम्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगातून वीसपर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने वेग कमी करावा, पूर्ण थांबू नये, आणि मग ब्रेक न लावता काही किलोमीटर गाडी चालवून सगळे थंड होऊ द्यावे. यामुळे पॅडचा पातळ, एकसारखा थर डिस्कवर बसतो. हा थर असमान बसला की पुढे पेडल आणि स्टिअरिंग हादरते, आणि आपण ‘डिस्क वाकली’ असे म्हणतो. लेथवर आणि डायल गेजवर (वाकडेपणा मोजणाऱ्या उपकरणावर) तपासलेल्या अनेक ‘वाकलेल्या’ डिस्क प्रत्यक्षात वाकलेल्या नसतात. त्यांच्या जाडीत जागोजागी फरक पडलेला असतो, किंवा हबच्या (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाच्या) बैठकीवर गंजाची पापडी राहिल्याने डिस्क तिरकी बसलेली असते. डिस्क बदलण्याआधी हबची बैठक घासून साफ करावी आणि डायल लावून फिरवून पाहावी. हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते क्वचितच कोणी करतो.

येथे बिडाविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ब्रेकची डिस्क करड्या बिडाची असते. या बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. तो उष्णता चटकन वाहून नेतो आणि कंपने शोषतो. एसजी आयर्न हे दुसऱ्या प्रकारचे बीड ताणात कितीतरी अधिक मजबूत असते, पण त्यातला ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असल्याने उष्णतेची वाट तुटते, म्हणून डिस्कसाठी साधे दिसणारे करडे बीडच योग्य ठरते. अधिक कार्बन असलेल्या बिडाच्या डिस्क याच कारणाने घाटात अधिक शांत राहतात. बेळगावातल्या आणि कोल्हापुरातल्या फाउंड्रींत काम करणाऱ्या हजारो हातांना हा धातू पाठ आहे, आणि तरी आपल्यातलीच मुले भोके पाडलेली चकचकीत डिस्क अधिक चांगली समजतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. भोकांमुळे वस्तुमान कमी होते आणि वारंवार तापून थंड होताना भोकांच्या कडेपासून बारीक तडे निघतात. रस्त्यावरच्या सेडानला साध्या पृष्ठभागाची, आत हवेच्या फटी असलेली, चांगल्या बिडाची डिस्क सर्वांत योग्य. फार तर खाचा असलेली घ्यावी.

आता गाड्यांची तुलना. व्हर्टस जीटीला १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटरचे १.५ टीएसआय इंजिन आहे, पण मागच्या चाकांना ड्रम आहेत. त्याच पट्टीतल्या २०२३ च्या व्हर्ना टर्बोला, १६० अश्वशक्तीला, मागेही डिस्क मिळतात. या ताकदीच्या गाडीला चारही डिस्क द्यायला हव्या होत्या, हे मी निःसंकोच म्हणतो. ड्रममध्ये उष्णता कोंडते, आणि तापल्यावर ड्रम फुगून लायनरपासून, म्हणजे आतल्या घासणाऱ्या पट्टीपासून, दूर जातो. तरीही व्हर्टसचे वजन तुलनेने कमी आहे आणि बहुतेक भार पुढच्या डिस्क उचलतात, त्यामुळे गिअरमध्ये उतरणाऱ्या चालकाला ड्रममुळे घाटात भीती बाळगण्याचे कारण नाही. ड्रम काढून मागे डिस्क बसवण्याची टूम मात्र मला पटत नाही. हँडब्रेकची रचना, पुढच्या-मागच्या दाबाचे प्रमाण आणि एबीएस व ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) यांची जुळणी हे सगळे मूळ ड्रम गृहीत धरून ठरवलेले असते. मागचा ब्रेक अवाजवी जोराचा झाला, तर ओल्या वळणावर गाडीची शेपूट निसटू शकते, आणि तेथे एका मिलीमीटरचाही फायदा पदरात पडत नाही.

ऑक्टाव्हियाच्या मालकांचे नशीब या बाबतीत चांगले आहे. तिचे सुटे भाग फोक्सवॅगनच्या एमक्यूबी या सामायिक सांगाड्यावरच्या गाड्यांच्या कुटुंबातून येतात, आणि त्या कुटुंबात मोठे ब्रेक आधीच तयार आहेत. सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयला पुढे ३१२ × २५ मिलीमीटरच्या डिस्क असतात. परफॉर्मन्स पॅकमध्ये आणि गोल्फ आरमध्ये त्या ३४० × ३० होतात, तर मागे ३१० × २२ च्या, हवेच्या फटी असलेल्या. ऑक्टाव्हियाच्या व्हीआरएस या अधिक ताकदीच्या रूपाचा २०१७ चा २३० अश्वशक्तीचा अवतार आणि २०२० मध्ये भारतात केवळ २०० आलेल्या २४५ अश्वशक्तीच्या गाड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी ब्रेकच्या मापाची चिंता करण्यापेक्षा ऑईल आणि पॅडकडे पाहावे. १.८ टीएसआय ट्यून करून घेणाऱ्याला मात्र ३४० चा संच विचारात घेण्यासारखा आहे, कारण तो अनोळखी कंपनीच्या सहा पिस्टनच्या संचापेक्षा स्वस्त पडतो, त्याचे पॅड सहज मिळतात आणि कंपनीने त्यावर एबीएससह चाचण्या केलेल्या असतात. कॅलिपर, त्याचा कंस, डिस्क, पॅड आणि धूळ अडवणारा पत्रा हे सगळे एकत्र बदलावे लागते.

एम३४०आय ही वेगळ्या वजनगटातली गाडी आहे. सहा सिलिंडर, ५०० न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ४.४ सेकंद आणि जवळजवळ पावणेदोन टन वजन. तिला पुढे चार पिस्टनचे स्थिर कॅलिपर आणि मागे एक पिस्टनचे सरकते कॅलिपर आहेत. स्थिर कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूंनी पिस्टन दाबतात, त्यामुळे तो कमी लवतो आणि पेडलची भावना नेमकी राहते. सरकता कॅलिपर कनिष्ठ असतो असे समजू नये. त्याच्या पिना सिलिकॉन ग्रीसने मोकळ्या ठेवल्या तर तो उत्तम काम करतो. आपल्या लाल मातीच्या चिखलात मात्र या पिना अडकतात, एकच पॅड घासत राहतो आणि एक डिस्क दुसरीपेक्षा जास्त तापते. फाउंड्रीत वापरतो तो इन्फ्रारेड थर्मामीटर मी घाट उतरल्यावर चारही डिस्कवर रोखतो. एकूण आकड्यापेक्षा डाव्या-उजव्या चाकांतला फरक अधिक बोलका असतो. फरक मोठा दिसला की पिना उघडून पाहायच्या.

मोठा संच घेण्याआधी रिम पाहावी. ३४० मिलीमीटरच्या डिस्कला किमान १७ इंची रिम लागते, आणि तीही कॅलिपरला जागा देणाऱ्या आकाराची. त्यासाठी १८ इंची रिम आणि चपटा टायर घेतला, तर खानापूर-जांबोटी बाजूच्या पावसाळी खड्ड्यांत रिम वाकण्याचा धोका वाढतो. शिवाय चाकाबरोबर खाली-वर होणारे वजन वाढल्याने खडबडीत रस्त्यावर टायर जमिनीला धरून राहत नाही, आणि ब्रेकसाठी मिळवलेली पकड तेथेच गमावली जाते. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑईलला देणारा भाग) तोच ठेवून पिस्टनचे एकूण क्षेत्रफळ वाढवले, तर पेडल अधिक खोल जातो, हेही लक्षात ठेवावे. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड बदलताना पिस्टन स्कॅनरने सर्व्हिस मोडमध्ये घेऊनच मागे सारावा. पान्याने जबरदस्तीने दाबला तर मोटर खराब होते. कायद्याच्या बाजूने पाहता मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील बदलतील असे फेरफार रोखते. ब्रेकचे माप त्या प्रमाणपत्रात नसते, तरी विमा कंपनीला बदल लेखी कळवून ठेवणे शहाणपणाचे आहे.

पावसात लांब अंतर ब्रेक न लावता गेल्यावर डिस्कवर पाण्याचा पडदा राहतो आणि पहिला ब्रेक क्षणभर उशिरा धरतो. म्हणून चोर्ल्याच्या धुक्यात शिरण्याआधी, कणकुंबीच्या अलीकडेच, एकदोनदा हलका ब्रेक लावून डिस्क पुसून घ्यावी. घाट उतरून गोव्यातल्या केरीच्या चेकपोस्टवर थांबावे लागले, तर तापलेल्या डिस्कवर पेडल घट्ट धरून उभे राहू नये, कारण पॅडचा ठसा त्याच जागी उमटतो. सपाट जागी गिअर न्यूट्रलला घेऊन पेडल सोडावा.

माझ्या ऑक्टाव्हियाला नवे टायर, चांगले डॉट ४, दोन्ही अक्षरे ‘एफ’ असलेले पॅड आणि स्टीलची जाळी असलेले ब्रेक होज एवढेच बदल आहेत, आणि डिस्क मूळ मापाच्याच आहेत. आंबोली उतरताना त्यांनी मला कधी शंका घ्यायला लावली नाही. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. झिजलेल्या पट्ट्याच्या मध्यभागी मायक्रोमीटर लावून मी ती पाहतो, कारण बाहेरच्या उरलेल्या कडेवर माप घेतले तर ते खोटे येते. ती जाडी जवळ आली की अधिक कार्बनच्या बिडाची, त्याच मापाची डिस्क घालण्याचा माझा विचार आहे. भाच्याच्या व्हर्टसचे ऑईल आणि पुढचे पॅड बदलून झाले आहेत, आणि पावसाळ्याआधी मागचे ड्रम उघडून लायनरची धूळ काढून घ्यायची आहे. त्यानंतर मोठ्या डिस्कचा विषय निघालाच, तर रिमचे माप हातात घेऊन त्यावर बोलू.